उतरती भाजणी

इटालियन लोकनाट्यातला हार्लेक्विन हा सोंगाड्या जर्मनीतल्या माइसेनच्या पोर्सेलिनमध्ये, म्हणजे तिथल्या उंची चिनी मातीच्या कामात, पुन्हा पुन्हा भेटतो. मूर्ती बहुधा वीतभरही उंच नसते. अंगरख्यावर शंकरपाळ्यांच्या आकाराचे तुकडे, त्यांत गडद काळा, लिंबाचा पिवळा आणि विटकरीकडे झुकणारा लाल. टोपीच्या कडेला नाहीतर बुटाच्या बक्कलाला सोन्याची रेघ. चेहरा जवळजवळ पांढराच, गालांवर तेवढी लालीची फुंकर. पाहणाऱ्याची नजर साहजिकच आधी रंगांवर जाते, मग हातवाऱ्यांवर. हे रंग कुठल्या क्रमाने चढले असतील, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. मला मात्र या मूर्तीची सगळी गंमत त्या क्रमातच दडलेली वाटते.

मराठीत ‘उतरती भाजणी’ म्हणतात ती मोठ्याकडून लहानाकडे लावलेली रांग. पोर्सेलिनच्या कामात हा शब्द अक्षरशः खरा होतो. इथे एकच मूर्ती तीनदा, चारदा, कधी सहादाही भाजली जाते. पहिली कच्ची भाजणी सोडली, तर पुढे प्रत्येक आच आधीच्या आचेपेक्षा मंद असावी लागते. 1400 अंश सेल्सियसला झिलई, म्हणजे वरचा काचेसारखा थर, मग 900 च्या आतबाहेर जास्त आच सोसणारे टणक रंग, मग नाजूक रंग, शेवटी सोनं. खालच्या पायरीवर उतरलेल्या मूर्तीला पुन्हा वर नेता येत नाही. सोनं लावून झाल्यावर ‘झिलईत एक बारीक भोक राहिलंय, तेवढं बुजवू’ म्हणून कुणी तिला मोठ्या भट्टीत घातलं, तर सोनंही जाईल आणि रंगही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात रंगारी जो रंग लावतो, तोच त्याला डोळ्यांसमोर दिसत असतो. पीतांबर मनासारखा पिवळा झाला नाही, तर वरून पुन्हा हात फिरवता येतो. पोर्सेलिनच्या रंगाऱ्याला ही सोय नाही. कुंचल्याला लागलेली पूड मातकट जांभळी दिसते आणि भट्टीतून बाहेर येते गुलाबी. सोनं लावताना ते काकवीसारखं तपकिरी असतं. समोर दिसणारं बाजूला ठेवून उद्या काय दिसेल ते मनात धरायचं आणि त्या हिशेबाने हात चालवायचा, हे या कामाचं मर्म आहे.

आधी थोडं ठिकाणाबद्दल. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, एल्बे नदीकाठी माइसेन हे गाव आहे. सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्ट याला चिनी आणि जपानी पोर्सेलिनचं वेड होतं. सोनं करून देतो म्हणणारा योहान फ्रीडरिश ब्योटगर हा किमयागार त्याने नजरकैदेत ठेवला होता. शास्त्रज्ञ चिर्नहाउस याच्या बरोबरीने काम करताना 1708 मध्ये ब्योटगरला पांढऱ्या पोर्सेलिनचं मिश्रण सापडलं आणि 1710 मध्ये माइसेनच्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात कारखाना सुरू झाला. रंगांचं मोठं दालन उघडलं ते 1720 मध्ये आलेल्या योहान ग्रेगोरिउस ह्योरोल्टने आणि मूर्तींचं उघडलं ते 1731 मध्ये आलेल्या योहान योआखिम केंडलरने. केंडलर 1775 मध्ये मरेपर्यंत तिथेच राबला. आपण ‘चिनी माती’ या एकाच शब्दात लोणच्याची बरणी, कपबशी आणि केंडलरची मूर्ती असं सगळं कोंबतो, म्हणून इथे ‘पोर्सेलिन’ हाच शब्द ठेवते. केओलिन ही पांढरी माती, फेल्डस्पार हे खनिज आणि गारगोटीची पूड एवढ्यांचंच हे मिश्रण. त्यात निम्म्याहून जास्त वाटा केओलिनचा. कडक आचेत फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि बाकीच्यांना घट्ट धरून ठेवतो. पातळ पाकळी उजेडासमोर धरली की प्रकाश आरपार येतो तो त्यामुळे.

सजावट रंगांपासून सुरू होते असं समजणं चूक आहे. रंगात जे दोष दिसतात त्यांतले निम्मे ओल्या मातीतच पेरलेले असतात.

मूर्तिकाराने घडवलेला मूळ नमुना कापून वेगळा करतात: डोकं, धड, एकेक हात, एकेक पाय, टोपी, हातातली सुरई. प्रत्येक तुकड्याचा प्लॅस्टरचा साचा निराळा. साध्या मूर्तीला डझनभर साचे लागतात, माणसं-झाडं-जनावरं एकत्र असलेल्या मोठ्या गटाला त्याच्या कितीतरी पट. साच्यातून निघालेले तुकडे ओले असतानाच त्याच मातीच्या रबडीसारख्या पातळ घोळाने जोडतात. जोडताना दोन्ही तुकड्यांची ओल सारखी हवी. धड सुकत आलेलं आणि हात नुकता साच्यातून काढलेला असेल, तर हात जास्त आकसतो आणि सांध्याशी केसाएवढी चीर पडते. ती तेव्हा दिसत नाही. दिसते 1400 अंशांनंतर.

साच्याच्या दोन अर्धांमध्ये उमटणारी रेघ हा आणखी एक जुना वैरी. सुरीने खरवडून, ओल्या स्पंजने पुसून ती गेली असं वाटतं, पण कडक भाजणीनंतर त्याच जागी बारीक वरंबा पुन्हा उठतो. त्या रेषेवर मातीचे कण निराळ्या दिशेला दाबले गेलेले असतात आणि आकसताना ते शेजाऱ्यांपेक्षा निराळे वागतात. म्हणून जाणता कारागीर रेघ नुसती पुसत नाही. जरा खोल कोरून काढतो, तिथे तशाच ओलीची माती भरतो आणि हाडाच्या नाहीतर लाकडाच्या अवजाराने दाबून घट्ट करतो.

मग कोरणी. केसांच्या बटा, कॉलरच्या चुण्या, बोटांच्या पेरांमधली जागा हे सगळं हवं त्यापेक्षा थोडं जास्त खोल आणि जास्त धारदार करावं लागतं, कारण वर झिलईचा थर बसणार आहे आणि तो खाचा भरून काढणार आहे. साच्यातून आलं तेवढ्यावर भागवलं, तर मूर्तीचे कान आणि बोटं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होतात. बाजारातली स्वस्त मूर्ती ओळखायची असेल तर रंग पाहू नये, बोटं पाहावीत.

फुलं साच्यात होत नाहीत. मटाराएवढी मातीची गोळी तळव्यावर अंगठ्याने दाबून एकेक पाकळी करतात आणि घोळाच्या थेंबाने चिकटवतात. केंडलरने 1739 च्या सुमाराला भांड्यांवर हजारो बारीक फुलांचं आच्छादन करण्याची जी पद्धत आणली, तीत प्रत्येक फूल असंच हाताने केलेलं असतं. वरवर पाहता ती नुसती सजावट वाटते. पण प्रत्येक फुलाच्या बुडाशी हवा अडकू न देणं आणि प्रत्येक फूल सुकण्याआधी शेजारचं लावणं याचा अर्थ असा, की कारागीर मधेच उठून गेला तर तेवढा भाग वाया जातो.

जाळीदार झगे घातलेल्या नर्तकी लोकांना फार आवडतात. 19व्या शतकापासून ड्रेस्डेन आणि थुरिंगियातल्या कारखान्यांनी त्या मोठ्या संख्येने केल्या. ती जाळी खरोखरच कापडाची लेस असते. सुती लेस मातीच्या घोळात बुडवतात, जास्तीचा घोळ निथळू देतात, सुईने निऱ्या घालत मूर्तीच्या कमरेला बसवतात. भट्टीत दोरा जळून जातो आणि दोऱ्याभोवतीची माती जाळीच्या रूपात राहते. घोळ पातळ असेल तर जाळी हात लावताच चुरते. घट्ट असेल तर भोकं बुजतात आणि झगा चादरीसारखा दिसतो. दोरा सुतीच हवा. कृत्रिम धागा जळण्याआधी वितळून आकसतो आणि माती ओढून घेतो. ही जाळी धुता येत नाही, नीट झटकता येत नाही. इतक्या मेहनतीचं काम इतकं निराधार ठेवावं हे मला कधीच पटलेलं नाही. हार्लेक्विनच्या साध्या अंगरख्यापुढे तो झगा मला कमीच वाटतो.

जोडलेली मूर्ती हळूहळू सुकवतात, मोठी असेल तर कित्येक आठवडे. टोकं आधी सुकतात म्हणून बोटं, काठी, पंख यांवर ओलसर फडकं नाहीतर प्लॅस्टिक घालून ठेवतात. पोकळ भागाला कुठेतरी दिसणार नाही असं भोक ठेवावंच लागतं. नाहीतर आत कोंडलेली हवा आणि वाफ मूर्ती फोडते.

पहिली भाजणी 900 अंशांच्या थोडी वर. यात मातीतलं पाणी आणि जे काही जळण्यासारखं असेल ते जातं. मूर्ती कडक होते, पण खडूसारखी सच्छिद्र राहते. जिभेला लावली तर चिकटते. याच अवस्थेत माइसेनमध्ये बुडाशी निळ्या रंगात एकमेकींना छेदणाऱ्या दोन तलवारी काढतात. 1722 पासून चालत आलेली ही खूण. तो निळा कोबाल्टचा असतो आणि 1400 अंशांत टिकणाऱ्या अगदी मोजक्या रंगांपैकी एक. म्हणून तो झिलईच्या खाली जाऊ शकतो.

झिलईचा घोळ दुधाच्या सायीइतका दाट. मूर्ती त्यात बुडवून काही सेकंदांत बाहेर काढतात. सच्छिद्र अंग पाणी पिऊन घेतं आणि पृष्ठभागावर पांढरी पूड चिकटून राहते. भाजल्यावर हा थर मिलिमीटरच्या काही दशांशांएवढा असावा. आधी मूर्तीवर ब्रश आणि हवेचा झोत मारून धुळीचा कणही ठेवायचा नाही आणि उघड्या बोटांनी धरायचं नाही. बोटाच्या तेलाचा ठसा उमटला, तर झिलई तिथून मागे सरते आणि उघडी माती दिसते. चुण्यांत जास्त साचलेली झिलई कुंचल्याने उचलून घ्यायची. बुडाची कड स्पंजने पुसून कोरडी करायची, नाहीतर वितळलेली झिलई मूर्तीला भट्टीच्या फळीशी कायमची जोडून टाकते.

मग खरी परीक्षा. 1400 अंशांत पोर्सेलिन दगडासारखं कडक नसतं, मऊ पडतं, वाकतं. बाहेर पसरलेला हात खाली झुकतो, पुढे वाकलेलं डोकं आणखी वाकतं. म्हणून हाताखाली, हनुवटीखाली, शेपटाखाली टेकू देतात. हे टेकू त्याच मातीचे, तितकेच कच्चे असावे लागतात, कारण ते मूर्तीबरोबर तितकेच आकसले पाहिजेत. आधीच भाजलेला टेकू लावला, तर मूर्ती आकसते, टेकू तसाच राहतो आणि हात वर ढकलला जाऊन खांद्यातून निखळतो. टेकूच्या टोकाला अ‍ॅल्युमिनाची पूड लावतात, ती चिकटू देत नाही. आकसणं थोडंथोडकं नाही. माइसेनची मूर्ती लांबीत सुमारे 16 टक्के घटते. ओली 30 सेंटिमीटर असेल ती 25 च्या आसपास बाहेर येते, आणि आकारमानाचा हिशेब केला तर दोनपंचमांश मूर्ती नाहीशी झालेली असते. नमुना घडवणारा मूर्तिकार हे सगळं धरून चालतो. डोकं सरळ हवं असेल तर तो ते जरा मागे कललेलं घडवतो.

पांढरेपणाही इथेच ठरतो. मातीत थोडंतरी लोह असतंच. भट्टीत हवा मुबलक असेल तर ते लोह पिवळट छटा देतं. म्हणून सुमारे 1000 अंशांपर्यंत मोकळी हवा देतात आणि त्यापुढे हवा तोडून ज्योत धुरकट करतात. ऑक्सिजन कमी पडला की लोहाचं रूप बदलतं आणि पांढऱ्यात किंचित निळसर थंडावा येतो. हा बदल लवकर केला तर काजळी झिलईत कोंडली जाऊन करडे डाग राहतात. उशीर झाला तर झिलई वितळून अंग बंद झालेलं असतं आणि पिवळेपणा आतच राहतो.

इथे थांबलेल्या मूर्तीही आहेत आणि मला त्यांच्याबद्दल विशेष आदर आहे. म्युनिकजवळच्या निम्फेनबुर्गमध्ये फ्रान्झ आंटोन बुस्टेलीने 1754 ते 1763 या काळात केलेली इटालियन नाट्यातली 16 पात्रं रंगीत रूपातही मिळतात, पण त्यांचं अंग असं पिळवटलेलं, कंबर-खांदे असे उलटसुलट वळलेले, की नुसत्या पांढऱ्या झिलईवर सरकणारी सावलीच पुरेशी होते. फ्रान्समध्ये पुढे सेव्ह्रला हललेल्या कारखान्याने 1750 च्या दशकाच्या आरंभी त्याहून धीट वाट घेतली. त्यांनी झिलईच काढून टाकली. संगमरवरासारखा मंद पोत मिळाला आणि कोरणीची धार जशीच्या तशी राहिली. फाल्कोने नावाचा मूर्तिकार 1757 पासून तिथल्या शिल्पविभागाचा प्रमुख होता. पण झिलई नसली की लपवायला जागाच उरत नाही. मातीतला काळा ठिपका, सांध्याची रेघ, टेकूचा व्रण सगळं उघडं पडतं. रंगाने झाकू म्हणावं तर रंगही नाही. अशी मूर्ती निर्दोष हवी, आणि पुढे आयुष्यभर तिला काचेखाली ठेवावं लागतं, कारण तो पोत धूळ आणि हाताचा मळ पकडून ठेवतो.

आता रंग. झिलईवर चढणारे रंग म्हणजे धातूंच्या संयुगांची पूड आणि तिला काचेवर चिकटवणारा द्रावक. कोबाल्टचा निळा, क्रोमचा आणि तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, मँगनीजचा तपकिरी, लोहाचा लाल आणि सोन्यापासून होणारा गुलाबी-जांभळा. पूड काचेच्या पाटीवर घेऊन पोलादी सुरीने, मग काचेच्या मुसळीने घोटतात. पुरणात एखादी न शिजलेली डाळ राहावी तसा एक जाड कण राहिला, तरी भाजल्यावर तो ठिपका म्हणून वर येतो. त्यात टर्पेंटाइन आणि उघड्यावर ठेवून दाट केलेलं टर्पेंटाइन, म्हणजे ‘जाड तेल’, मिसळतात. बारीक रेषेला रंग पळता हवा, पसरट भागाला थोडा संथ. लवंगेच्या तेलाचा थेंब घातला तर रंग लवकर सुकत नाही आणि छटा एकमेकींत मिसळायला वेळ मिळतो. तेल जास्त झालं की भट्टीत ते उकळतं आणि रंगावर फोड येतात. कुंचले खारीच्या केसांचे. माइसेनमध्ये ते कारखान्यातच बांधतात. कुंचल्याचं टोक ओठांनी टोकदार करायची जुनी सवय मात्र कुणी लावून घेऊ नये, द्रावकात शिसं असू शकतं.

मोठ्या सपाट भागाला रंग आधी कुंचल्याने पसरायचा आणि मग रेशमी कापडात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याने हलके टिपत जायचा. कुंचल्याच्या रेघा पुसल्या जातात आणि थर एकसारखा होतो. थर पातळच हवा. गडद काळा एका दमात मिळवण्याचा मोह नवख्याला होतोच. जाड थर थंड होताना झिलईबरोबर आकसत नाही, त्याला तडे जातात आणि टवका उडतो, कधी झिलईचा तुकडा बरोबर घेऊन. म्हणून गडद छटा दोन पातळ थरांत, मधे एक भाजणी करून, मिळवतात.

लोहाचा लाल म्हणजे आपली हिरमुजीच. तो सर्वांत हळवा. आच वाढली की तपकिरी होतो, द्रावक जास्त झाला तर विरून जातो. सोन्याचा गुलाबी त्याच्या उलट हट्टी. आच कमी पडली तर मळकट विटकरी, बेताची पडली तर गुलाबाच्या पाकळीसारखा, जास्त झाली तर जांभळ्याकडे सरकतो. दोघांना एकमेकांशेजारी ठेवता येतं, एकत्र कालवता येत नाही. लोह गुलाबीचा जीव घेतं. हा गुलाबी आचेला इतका चोख उत्तर देतो, की तापमापक नव्हते तेव्हा त्याचाच मापक करत. रंग लावलेल्या लहान ठिकऱ्या भट्टीत ठेवायच्या, मधूनमधून एकेक लांब सळीने बाहेर काढायची आणि गुलाबीची छटा पाहून आत काय चाललंय ते ओळखायचं.

रंगांची भट्टी निराळी. जुन्या काळी मूर्ती मातीच्या बंद पेटीत ठेवून बाहेरून आच देत, म्हणजे ज्वाळा आणि धूर रंगाला शिवत नसत. आज विजेची भट्टी असते, पण सुरुवातीला दार किंवा झरोका उघडा ठेवण्याचा नियम तोच आहे. 400 अंशांपर्यंत तेल जळून धूर बाहेर जाऊ द्यायचा. दार लवकर लावलं तर धूर आत कोंडतो आणि रंग निस्तेज होतात. पहिल्या फेरीत रेषा, टणक रंग आणि पायाचे थर. दुसऱ्या फेरीत छाया, नक्षी, गुलाबी. लाल त्यांच्याही नंतर. प्रत्येक वेळी मूर्ती हळू तापवायची, त्याहून हळू थंड करायची. घाईने दार उघडलं की धड गरम आणि बोटं गार होतात, आणि बोटं तुटतात.

चूक दुरुस्त करण्याची संधी भाजण्याआधीच. सुकलेला रंग सुईच्या टोकाने, लाकडी काडीने नेमका उचलता येतो. भाजल्यावर तो काचेचा झालेला असतो. तेव्हा एकतर झिलई घासून काढायची आणि मूर्तीचं तेज गमवायचं, नाहीतर हाडापर्यंत जाळणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरायचं.

चेहरा सगळ्यांत अनुभवी हाताकडे जातो. आपल्याकडे गणपतीच्या डोळ्यांची आखणी कारखान्याचा मुख्य कारागीर करतो, तसंच. भुवई एका रेषेत, वरची पापणी तपकिरीने, खालची जवळजवळ नाहीच. बुबुळ, त्यात काळा ठिपका, आणि चमकेसाठी झिलईचा पांढरा कण तसाच राखायचा. तो पांढऱ्या रंगाने नंतर देता येत नाही, दिला तर डोळा मेल्यासारखा दिसतो. दोन्ही बुबुळं एकाच दिशेला पाहायला हवीत. केसाएवढा फरक पडला तरी हार्लेक्विनचा खट्याळपणा जाऊन तो वेडसर दिसू लागतो. ओठ हिरमुजीच्या दोन फटकाऱ्यांत. गालाची लाली कोरड्या कुंचल्याने बारीक ठिपके देत.

माइसेनच्या 18व्या शतकातल्या चांगल्या मूर्तींवर त्वचेचा बराच भाग पांढराच सोडलेला असतो. 19व्या शतकात सगळ्या अंगावर मांसल रंग चढवायची पद्धत बोकाळली आणि मूर्ती बाहुल्यांसारख्या दिसू लागल्या. माझं मत याबाबत पक्कं आहे. ज्या पांढऱ्यासाठी राजाने माणूस कोंडून ठेवला, टेकू लावले, हवा तोडली, त्याला गुलाबी मुलाम्याखाली गाडणं हा त्या सगळ्या कष्टांचा अपमान आहे. केंडलरचा काळा आणि पिवळा झगमगतो तो शेजारच्या कोऱ्या झिलईमुळे.

उतरत्या भाजणीला वळसा घालणारी एक वाट स्पेनमध्ये आहे. व्हॅलेन्सियाजवळच्या आल्मासेरा गावात 1950 च्या दशकात तीन भावांनी सुरू केलेल्या लाद्रोच्या कारखान्यात रंग कच्च्या मातीवरच लावतात, वरून झिलई फवारतात आणि एकाच कडक भाजणीत मूर्ती पूर्ण करतात. त्यांच्या मूर्तींचे फिकट निळे, राखी, बदामी रंग ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. तितक्या आचेत जे तगतात तेच रंग उरतात.

सोनं सर्वांत शेवटी. ते दोन जातींचं. एक द्रवरूप, भट्टीतून निघतानाच चकाकतं, सोन्याचं प्रमाण कमी. माइसेनमध्ये क्यून या रसायनज्ञाने ते 1827 मध्ये सिद्ध केलं. दुसरं सोन्याच्या बारीक पुडीचं, भाजल्यावर मंद, पिवळ्या मातीसारखं दिसतं, आणि मग हाताने घोटून चकाकी आणावी लागते. पहिल्याची चमक बेगडासारखी वरवरची, दुसऱ्याची आतून आल्यासारखी. घोटण्यासाठी अकीकाचा गुळगुळीत दगड दांड्यात बसवलेला असतो. एकाच दिशेने, हलक्या दाबाने, ओळीला ओळ लावत जायचं. दगडाला कण चिकटला तर सोन्यावर ओरखडा उठतो.

सोनं लावायची जागा आधीपासून कोरी राखलेली असावी. रंगावर सोनं लावलं तर रंगातला द्रावक ते गिळतो आणि रेघ मळकट पडते. सोन्याचा अदृश्य डाग बोटाने पांढऱ्या भागावर लागला, तर भट्टीतून तो जांभळा ठसा बनून येतो. आणि आच 800 च्या पुढे गेली की सोन्याच्या रेघेला जाळं पडतं.

आपल्याकडे यातलं काय बघायला मिळतं? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातल्या वस्तू आहेत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात युरोपीय पोर्सेलिनचं दालन आहे. त्याखेरीज काही जुन्या घरांत आणि चोरबाजारात जर्मनीत घडलेल्या लक्ष्मी-सरस्वती अजून दिसतात. राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून भारतीय गिऱ्हाइकांसाठी त्या 20व्या शतकाच्या आरंभी तिकडे तयार होत. अशी मूर्ती घरात असेल तर तिच्या हाताला किंवा प्रभावळीला धरून तिला उचलू नये, एक हात बुडाखाली घ्यावा. सोन्यावर साबणाचा काथ्या, चिंच, रांगोळीची पूड यांतलं काही चालवू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ काढावी. ओलं फडकं फिरवण्याआधी मागच्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी, ओल्या कापसाचा बोळा टेकवून पाहावा. रंग बोळ्याला आला तर तो भाजलेला नाही, नंतर वरून लावलेला आहे, आणि पाण्याने जाईल.

असा न भाजलेला रंग फसवणुकीचाच असतो असं नाही. 1730 च्या दशकात राजा ऑगस्टने ड्रेस्डेनच्या आपल्या ‘जपानी महाला’साठी पोर्सेलिनचे मोठमोठे प्राणी मागवले: शेळ्या, मोर, गेंडे, हत्ती. केंडलर आणि त्याच्या आधीचा मूर्तिकार किर्शनर यांनी ते घडवले. काही प्राणी मीटरभर लांब-उंच. एवढं जाड, एवढं मोठं पोर्सेलिन त्या आधी युरोपात कुणी भाजलं नव्हतं. पोटाला, मानेला, पायांना तडे गेले. भेगाळलेल्या त्या जनावरांना पुन्हा भट्टीत घालून रंग चढवणं म्हणजे त्यांचे तुकडे करणं. म्हणून अनेकांना भट्टीबाहेरच, लाकडाला लावतात तसा लाखेचा रंग दिला.

तो टिकला नाही. पापुद्रे सुटले, काही पुढे मुद्दाम खरवडून काढले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात केंडलरची 1732 मधली शेळी आहे, अंगाशी करडू घेऊन बसलेली. भट्टीने दिलेल्या भेगा तिच्या अंगावर स्पष्ट दिसतात. लोक तिच्या शुभ्रपणापुढे थांबतात. त्या कळपातल्या काही जनावरांच्या कानांच्या खोबणीत, केसांच्या खाचांत, जिथे हात पोचत नाही तिथे, जुन्या रंगाचे कण अजून अडकलेले आहेत.